मागचा लाइट

भर दुपारी दुचाकीचा दिवा चालू दिसला की हाताची बोटं उघडमीट करून समोरच्याला सांगणारी एक जमात आपल्याकडे होती. 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींचे दिवे इंजिनाबरोबर आपोआप लागू लागले आणि ही जमात एका रात्रीत बेकार झाली. बहुतेकांनी बोटं खिशात घातली. काहींनी 'दादा, स्टँड!' आणि 'ताई, ओढणी!' यांवर भागवलं. आमच्या सिडकोतले काका मात्र चारचाकीच्या ब्रेकलाइटकडे वळले.

काकांची सगळी नोकरी वाळूजच्या एका कंपनीत, क्वालिटी विभागात झाली. 1985 मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना आला, 2001 मध्ये शेंद्र्याला स्कोडा. त्यामुळे या शहरात कुठल्याही गल्लीत हाक मारा, गाडीचा एखादा भाग घडवलेला, तपासलेला किंवा नापास केलेला माणूस बाहेर येतोच. काका नापास करणाऱ्यांतले. कंपनीनं शाल-श्रीफळ देऊन त्यांना घरी पाठवलं, पण नापासाचा शिक्का काढून घ्यायचा राहिला. आता सकाळ-संध्याकाळ जुन्या एम-80 वर बसून ते क्रांती चौक ते मुकुंदवाडी अख्खा जालना रोड तपासत असतात. स्वतःकडे चारचाकी नाही, कधी नव्हती. चारचाकीचं त्यांचं सगळं ज्ञान मागून मिळवलेलं आहे.

अमरप्रीत चौकात सिग्नलला काचेवर टकटक होते. काच खाली केली की नमस्कार-चमत्कार काही नाही.

"डावा गेलाय. वरचा लागतो, उजवा लागतो. घ्या बाजूला."

'साहेब, तुमचे पैसे पडले' म्हणून गाडीतली बॅग पळवणाऱ्यांनी लोकांना पुरेसं शहाणं केलेलं असल्यामुळे निम्मे लोक काच वर करून दारं लॉक करतात. काकांना त्याचा राग नाही. एकदा एका बाईंनी काच उघडलीच नाही, तर त्यांनी वीजबिलाच्या पाठीवर 'ब्रेकलाइट, डावा, बंद' असं ठळक लिहून काचेवर धरलं. सिग्नल सुटला, मागून हॉर्नचा गिल्ला झाला, काका हलले नाहीत. बाईंनी मान डोलावल्यावरच बाजूला झाले.

त्यांचं म्हणणं तसं बिनतोड आहे. गाडीच्या मालकाला टायर दिसतो, ओरखडा दिसतो, शेजाऱ्याची नवी गाडी तर फारच दिसते. ब्रेकलाइट तेवढा दिसत नाही. तो लागतो तेव्हा मालकाचा पाय पॅडलवर आणि तोंड पुढे. मागच्यानं सांगितलं नाही तर वर्षभर कळत नाही, आणि मागच्यानं येऊन धडक दिली तर लगेच कळतं.

बाजूला घेतल्यावर तोंडी परीक्षा सुरू. एक बंद की तिन्ही? तिन्ही बंद असतील तर काकांचा चेहरा उजळतो, कारण मग फ्यूज तरी गेलाय किंवा पॅडलच्या वरचा स्विच तरी. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटरही मिणमिणत असेल तर आनंदाला पारावार नाही: अर्थिंग! होल्डरवर चढलेला हिरवट थर पॉलिश पेपरनं घासायला मिळणार. पण एकच बंद असेल तर बहुधा नुसता बल्ब, आणि बल्ब म्हणजे मोठ्या डॉक्टरकडे सर्दीचा पेशंट. तरीही ते तो काढून उन्हात धरतात. काच काळवंडलेली, तार तुटलेली. मग एकाच बल्बमध्ये दोन तारा कशा, 5 वॅटची टेलची आणि 21 वॅटची ब्रेकची, खालच्या दोन पिना मुद्दाम वरखाली का, आणि त्या ज्यानं ठोकून बसवल्या त्याला काय केलं पाहिजे, इथपर्यंत व्याख्यान जातं. फ्यूजच्या जागी कुणी तांब्याची तार पिळून घातलेली सापडली की मात्र काकांचा आवाज बसतो. "फ्यूज जळायलाच असतो हो," ते घोगऱ्या आवाजात म्हणतात, "तो जळला नाही तर वायरिंग जळेल."

ब्रेकलाइट तपासायला माणसं दोन लागतात, एक पॅडलवर आणि एक मागे. काकांना कायम मागेच राहायचं असल्यामुळे एम-80 च्या डिकीत मापानं कापलेली एक काठी आहे. सीट आणि पॅडल यांच्यामध्ये ती अडकवली की दुसऱ्या माणसाची गरज नाही.

ही काठी मोंढा नाक्याच्या पुढे चालत नाही. तिथले इलेक्ट्रिशियन उस्ताद दोन वायरी लावलेला एक बल्ब घेऊन गाडीखाली सरकतात आणि काकांचं निदान स्विचपर्यंत पोचायच्या आत बाहेर येतात. मी माझी गाडी नेली तेव्हा काका अर्थातच सोबत होते.

"उस्ताद, मला वाटतं अर्थिंग..."

"काका, तुम अंदर बैठो. पाँव दबाव."

"पण होल्डर बघितला का?"

"हौ, देखा. तुम खाली दबाव. बोलो नक्को."

काका पॅडलवर पाय देऊन, मान मागे वळवून, तोंड मिटून बसले. त्या पाच मिनिटांत त्यांचं वय वाढलं. निघाला स्विच. जुना त्यांनी मागून घेतला, रुमालात गुंडाळला. घरी त्यांचा डबा आहे म्हणे, जळक्या फ्यूजांचा आणि मेलेल्या स्विचांचा. काकूंनी तो दोनदा भंगारात घातला आणि दोन्ही वेळा काकांनी भंगारवाल्याला गाठून विकत परत आणला.

त्यांना निरुत्तर झालेलं मी एकदाच पाहिलं, गळीत हंगामात, पैठण रोडवर. अंधार पडलेला. पुढे उसाचा ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, दोन्हींना लाइट सोडाच, लाइटची जागाही नाही. काकांनी एम-80 दामटून ट्रॅक्टर थांबवला.

"मागचा लाइट कुठंय रे बाबा?"

पोरानं स्पीकरचा आवाज थोडा कमी केला. "लाइट कामून पायजे काका? मागच्याला गाणं ऐकू येतंय की!"

काकांनी डिकी उघडली, लाल रेडियमची गुंडाळी काढली आणि दोन्ही ट्रॉल्यांच्या पाठीला आडव्या पट्ट्या मारायला घेतल्या. पोरगं खाली उतरलं, मोबाइलचा टॉर्च धरून उभं राहिलं. गाणं चालूच होतं.

"वाकडी लावू नका बरं का काका," ते म्हणालं.