रेंजरसाहेबांचा ज्युनिपर

चंद्रपुरात निवृत्त रेंजर दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारातले मूल रोडच्या अंगाला घर बांधतात, घराला सागवानी दार लावतात आणि कोणी विचारलं नसताना लाकडाची पावती दाखवतात. दुसऱ्या प्रकारातले बोन्साय करतात. पहिले निरुपद्रवी.

आमचे शेजारी दुसऱ्यांपैकी. त्यांची सगळी नोकरी आलापल्ली, अहेरी, सिरोंचा या पट्ट्यात गेली. समोर सागाचं झाड उभं असलं तरी त्यांना घनमीटर दिसायचे. कूप आखायचा, हातोड्याची खूण मारायची, थप्पी लावायची, बल्लारशाच्या डेपोकडे गाडी रवाना करायची. अशा माणसाने उतारवयात वीतभर झाडाच्या एका फांदीपायी रात्री दोनला उठावं, याला काही कारण असेलच. ते शोधायच्या भानगडीत मी पडलो नाही, कारण त्यांच्याकडे कारण विचारलं की लेखी खुलासा मिळतो.

नोकरी सुटली, खातं सुटलं नाही. गच्चीचे त्यांनी कक्ष पाडलेत. पाण्याच्या टाकीलगतचा कक्ष क्रमांक एक, पापड वाळवायच्या जागेचा दोन. काकूंचे पापड दरसाल अतिक्रमण ठरतात आणि दरसाल नियमित होतात. वानरांनी कुंडी पाडली की ‘वन्यप्राण्यांमुळे नुकसान’ अशी नोंद होते. भरपाई कोणी द्यायची, हा प्रश्न प्रलंबित आहे. वनखात्यात झाडाचा घेर छातीच्या उंचीवर, म्हणजे १.३७ मीटरवर मोजतात. साहेबांचं सर्वांत उंच झाड गुडघ्यालाही लागत नाही. पण नियम तो नियम. साहेब टेप घेऊन गच्चीवर पालथे पडतात. छाती जिथे येईल ती उंची.

एक मात्र कबूल केलं पाहिजे: जंगलातून त्यांनी एक काडी आणली नाही. राखीव जंगलातून रोप उपटणं म्हणजे काय, हे त्यांना १९२७च्या वन अधिनियमाच्या कलम २६सकट पाठ. आयुष्यभर मोळीवाल्यांना जे ऐकवलं, ते स्वतःला ऐकवायची पाळी त्यांनी येऊ दिली नाही. त्यांचा माल येतो पडक्या भिंतींतून, गटारांच्या कडेने, पाडायला काढलेल्या घरांच्या आवारातून. २०१७ साली इको-प्रो संस्थेच्या पोरांनी गोंडकालीन परकोट साफ करायला घेतला, तेव्हा बुरुजावरचे पिंपळ-उंबर खाली येत होते आणि साहेब पिशव्या घेऊन खाली उभे होते. “मुळं जपून, बाळांनो.” पोरांना वाटलं, किल्ल्याच्या पायाबद्दल बोलताहेत.

इथवर सगळं ठीक होतं. चिंच, बोर, करवंद, उंबर ही मंडळी चंद्रपूरच्या उन्हात जन्मलेली. साहेब लग्नाला चार दिवस गावी गेले तरी चिंच रुसत नाही. पण २०१८ साली पुण्यात ‘बोन्साय नमस्ते’ हे मोठं प्रदर्शन भरलं. साहेब पाहून आले आणि आल्यापासून ज्युनिपरशिवाय बोलेनात. अर्ध्या खोडाची साल गेलेली, लाकूड हाडासारखं पांढरं, आणि एका बाजूने चढलेल्या सालीच्या पट्टीवर हिरवागार शेंडा. वाळक्या फांदीला जपानी लोक जिन म्हणतात, सोललेल्या खोडाला शारी. नोकरीत असताना साहेबांनी अशा झाडापुढे ‘वठलेले, लिलावास योग्य’ एवढंच लिहिलं असतं. आता म्हणाले, “आपल्या सिरोंच्याकडे वडधमला झाडांचे दगड झाले आहेत, कोट्यवधी वर्षांचे. शारी म्हणतात ती ही!” शिकोकू बेटावरच्या इशिझुची डोंगराच्या कड्यांना दोर बांधून लोकांनी जुने ज्युनिपर कसे ओरबाडून नेले, ते सांगताना त्यांचे डोळे चमकत. आणि लगेच: “मी तिथे असतो तर एकेकावर वनगुन्ह्याचा पीओआर फाडला असता.”

जुना ज्युनिपर सापडला एका कारखान्याच्या कॉलनीत. बंगला पाडायचा होता. पोर्चच्या दोन बाजूंना कोण्या साहेबाने हौसेने लावलेले दोन ज्युनिपर, बुंधे मनगटाहून जाड. चौकीदार म्हणाला, “न्या ना जी, कोन विचारते?” हे वाक्य साहेबांना फार लागलं. त्यांनी अर्ज केला, परवानगी आणली, पंचनामा केला. पंच म्हणून मी आणि चौकीदार. फेब्रुवारीच्या एका पहाटे सब्बल-फावडं घेऊन खोदाई झाली. पुस्तकात लिहिलं होतं: प्रत्येक फांदीवर हिरवं ठेवा, उघड्या लाकडावर ज्युनिपर पुन्हा फुटत नाही, मुळांची सगळी माती झाडू नका. साहेबांनी दोन्ही पाळलं. काळ्या मातीने पुस्तक वाचलं नव्हतं. झाड उचललं तशी ती ढेकळाढेकळाने सुटली, आणि बारीक मुळं तिच्याबरोबर गेली. उरलेला गड्डा गोणपाटात बांधून ऑटोत ठेवला. वाटेत कोणी अडवलं नाही, तरी साहेबांनी स्वतःच्या सहीची वाहतूक परवानगी खिशात ठेवली होती.

त्यानंतरचे दोन महिने त्यांच्या आयुष्यातले सोन्याचे. विटांच्या चुऱ्यात लावलेलं झाड हिरवंगार! मोटर रिवाइंडिंगवाल्याकडून तांब्याची तार आली, फांद्या वळल्या. ओळखीचे लोक चहाला येऊन अभिनंदन करून गेले. ज्युनिपरची ही एक खोड आहे: मेल्यावरही तो कित्येक आठवडे हिरवा राहतो. बातमी मुळांकडून शेंड्यापर्यंत सावकाश पोहोचते.

एप्रिलमध्ये ऊन पेटलं. मुळात हा थंड डोंगरांतला गडी, हिमालयात बर्फाशेजारी राहणारा. जमिनीत मुळं खोल असताना त्याने इथलं ऊन कसंबसं सोसलं, कुंडीत ते कुठून जमणार? मे महिन्यात पारा ४७च्या पुढे गेला तेव्हा ज्युनिपर बैठकीत आला आणि कूलरचं तोंड त्याच्याकडे फिरलं. काकू पदराने वारा घेत म्हणाल्या, “माह्या माहेरचे आले तं कूलर बिघडला होता. झाडापायी बरा चालून राह्यला!” मग उठल्या आणि शेंगा सोलायच्या सवयीने बुंध्यावर नख ओढलं. सालीखाली हिरवं असायला हवं, निघालं तपकिरी.

“मेलं हाय जी हे.”

“सुप्तावस्था आहे,” साहेब म्हणाले. “मृग लागू दे.”

मृग लागला. बाकी सगळी गच्ची तरारली आणि ज्युनिपर चार दिवसांत खराट्याच्या रंगाचा झाला. साहेबांनी एक दुपार शांतपणे विचार केला. मग चाकूने साल सोलली आणि नोंदवहीत लिहिलं: ‘शारी: पूर्ण’. शेजारच्या रकान्यात रोपवनाची जिवंत टक्केवारी भरायची होती. तिथे हाताने आपोआप ब्याण्णव लिहिलं.

दिवाळीच्या सुमारास ते मला घेऊन पुन्हा कॉलनीत गेले. बंगला पडला होता, पण चौकीदाराने दुसऱ्या ज्युनिपरच्या बुडाशी भांडी घासायची मोरी केली होती. उष्ट्या पाण्यावर झाड दुप्पट फोफावलं होतं आणि फांद्यांवर त्याची लुंगी वाळत होती. साहेबांनी भोवती दोन फेऱ्या मारल्या, टेप काढला, खिशातून नवा अर्ज काढला.

चौकीदाराने अर्ज उलटा-सुलटा पाहिला. “देतो ना जी. पर मांगचं झाड जगलं का?”

“ब्याण्णव टक्के,” साहेब म्हणाले.