आपला हात, आपला टॉर्क

अमेरिकेतला हौशी शिकारी दुर्बिणीवर दीड-दोन हजार डॉलर मोजताना कचरत नाही. पण तिला रायफलीवर धरून ठेवणारे स्क्रू मात्र अंदाजपंचे आवळतो. स्वतःच्या मनगटावर त्याचा भारी विश्वास!

कंपन्या बिचाऱ्या स्क्रू किती जोराने पिळायचे, म्हणजे टॉर्क किती, याचे आकडे छापून देतात. दुर्बिणीभोवतीच्या कड्यांच्या स्क्रूंना साधारण १५ ते १८ इंच-पौंड, तळाच्या जोडाला त्याहून बरेच जास्त. पण वाचतो कोण?

फार आवळलं की ॲल्युमिनियमची नळी दबते. कमी आवळलं तर गोळीबाराच्या धक्क्याने दुर्बीण सरकते. मग नेम चुकतो आणि खापर फुटतं वाऱ्यावर, काडतुसावर, क्वचित हरणावरही.

यावर उतारा म्हणून ‘फिक्स इट स्टिक्स’ या कंपनीने ठरावीक टॉर्कला थांबवणारे छोटे लिमिटर विकायला काढले: १५, २५, ४५, ६५ इंच-पौंड. आकडा गाठला की ‘टक्’ आवाज होतो आणि पुरुषार्थ तिथेच थांबतो. तरीही ‘खात्रीसाठी’ साध्या पान्याने आणखी अर्धा पीळ देणारे महाभाग असतातच. काहीजण तर इंच-पौंडाच्या जागी फूट-पौंड धरतात. फरक फक्त बारा पटींचा!

स्क्रू सैल होऊ नये म्हणून त्याच्या आट्यांना लॉकटाइट हा पातळ चिकटद्रव लावला असेल, तर घर्षण घटतं आणि त्याच आकड्याला स्क्रू जास्त ताणला जातो. हेही माहितीपत्रकात सापडतं, खोक्याच्या तळाशी, घडी न मोडलेल्या अवस्थेत.