मोटरमनसाहेब, तुमच्या पगाराची आम्हाला काळजी वाटते

रा. रा. मोटरमनसाहेब, मुंबई उपनगरी रेल्वे, यांस डोंबिवलीच्या एका पासधारकाचा सप्रेम नमस्कार वि. वि.

पत्रास कारण की, तुम्हाला पगार फार आहे असं आमच्या डब्यात एकमताने ठरलं आहे. नेमका किती, यावर मात्र अजून एकमत नाही. खिडकीशी बसणारे गृहस्थ दीड लाख म्हणतात. दारातल्या एकाने तो अडीचवर नेला. ठाणं येईपर्यंत त्यात फुकट क्वार्टर, फुकट पास आणि बायकोच्या माहेरच्यांनाही पास अशी भर पडत गेली आणि तुम्ही जवळजवळ महापालिका आयुक्तांच्या पंगतीला जाऊन बसलात. एवढ्या पगारात गाडी सात मिनिटं उशिरा येतेच कशी, हा आमचा साधा सवाल आहे.

या सुरळीत चाललेल्या चर्चेत खोडा घातला तो आमच्याच सोसायटीतल्या एका निवृत्त मोटरमनने. गृहस्थ तसे सज्जन आहेत, पण त्यांना आकडे पाठ आहेत, हा त्यांचा मोठाच दोष. ते म्हणाले, असिस्टंट लोको पायलट म्हणून पोरगा लागतो तेव्हा त्याचा मूळ पगार 19,900 असतो. मग शंटिंग, मालगाड्या असं करत वर्षं काढायची. लोको पायलट किंवा मोटरमन झालं की लेव्हल 6, म्हणजे सुरुवात 35,400 पासून. वर महागाई भत्ता, घरभाडं आणि गाडी धावेल तसा किलोमीटरचा भत्ता. 2004 पासून जे लागले त्यांना जुनी पेन्शन नाही. मी विचारलं, मग लाखाच्या वर कुणालाच मिळत नाही? ते म्हणाले, मिळतात की, नोकरी मुरलेल्या माणसाला सगळं धरून मिळतात. म्हटलं, बघा! वाक्याचा पुढचा भाग मी डब्यात सांगितला नाही. गर्दीत एवढं लांबलचक कोण ऐकणार?

बोनसचंही तेच. दरवर्षी दसऱ्याच्या तोंडावर बातमी येते की रेल्वे कर्मचाऱ्यांना 78 दिवसांचा बोनस. अठ्ठ्याहत्तर दिवस! आमच्या कंपनीत दिवाळीला काजूकतलीचा पाव किलोचा डबा मिळतो, आणि त्याचा फोटो टाकून आभार मानावे लागतात. अठ्ठ्याहत्तर दिवसांचा हिशेब मी तुमच्या दीड लाखावर करून पाहिला आणि त्या रात्री जेवण गेलं नाही. पुढे कळलं की हा बोनस महिना 7,000 रुपये पगार धरून काढतात, म्हणून तो फार तर 17,951 रुपये होतो. रेल्वेने ही गोष्ट मथळ्यात छापायला हवी होती. माझं एक जेवण वाचलं असतं.

असो. पगार परवडला, पण तुमची युनियन आवरा. 10 फेब्रुवारी 2024 चा शनिवार आम्ही विसरलेलो नाही. आदल्या दिवशी तुमच्यातला एक मोटरमन रुळांवर गाडीखाली गेला. वाईट झालं, आम्हीही हळहळलो. पण शनिवारी तुम्ही त्याच्या अंत्यसंस्काराला गेलात आणि ओव्हरटाइम करायला नाही म्हणालात. लाल सिग्नल चुकून ओलांडला की थेट नोकरीवर गदा येते, त्या धास्तीत माणसं काम करतात, असं तुमच्या संघटनांचं म्हणणं होतं. त्या एका दिवसात मध्य रेल्वेच्या ऐंशीहून जास्त लोकल रद्द झाल्या आणि फलाटावर आमचं भरीत झालं.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही संप कुठे केला? फक्त जादा काम केलं नाही. तुमचं हे बोलणंच आम्हाला खुपतं. रेल्वेची एवढी मोठी घडी तुमच्या सुट्टीच्या दिवसांवर आणि उरल्यासुरल्या झोपेवर उभी आहे, हे आम्हाला माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायचंही नव्हतं. असिस्टंट लोको पायलटची भरती 2018 नंतर थेट 2024 च्या जानेवारीत निघाली, 5,696 जागांची. जूनमध्ये त्याच जागा 18,799 झाल्या. म्हणजे तेरा हजार माणसं कमी आहेत हे रेल्वेला पाच महिन्यांत उमगलं. तोवर ती कामं कोण उरकत होतं, असले प्रश्न सभ्य माणसाने विचारू नयेत. जागा रिकाम्या ठेवून पैसे वाचवले की त्याला उत्तम व्यवस्थापन म्हणतात. वेळेवर घरी जाऊन तुम्ही ते उघडं पाडलंत.

त्या निवृत्त गृहस्थांनी मला एकदा तुमच्या केबिनमधलं सगळं सांगितलं. मी पुढच्या डब्यात चढतो, त्यामुळे तुमच्यात नि माझ्यात एक पत्र्याची भिंत असते. पलीकडे तुम्ही हँडल दाबून धरलेलं असतं, कारण हात सुटला तर गाडी आपोआप ब्रेक घेते. पिवळा सिग्नल आला की यंत्र ओरडतं, आणि ते तुम्ही ऐकल्याचं त्याला लगेच कळवावं लागतं. बारा डब्यांची गाडी फलाटावरच्या खुणेपाशीच उभी करायची. अर्ध्या मिनिटात माणसं उतरली-चढली की निघायचं. दोन मिनिटांनी पुन्हा तेच. हे सगळं चालू असताना समोर कुणीतरी रूळ ओलांडत असतं. मुंबईच्या लोकलच्या जाळ्यावर दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं मरतात. त्यातली बरीच रूळ ओलांडताना, म्हणजे कुणाच्या तरी काचेसमोर. गृहस्थ म्हणाले, हॉर्न देऊन पाहायचा, ब्रेक लावायचा. गाडी तेवढ्यात थांबत नसते, हे दोघांनाही त्या क्षणी कळतं. मग गार्डला सांगायचं, मेमो द्यायचा आणि उरलेली फेरी पुरी करायची. मी विचारलं, अशा वेळी तुम्ही काय करायचात? म्हणाले, कल्याणला उतरून चहा घ्यायचो. तेव्हा पत्र्याच्या अलीकडे आम्ही काय करत असतो ते मी त्यांना सांगितलं नाही. साहेब, आम्ही घड्याळ बघत असतो आणि तुमच्या पगाराचा विषय तिथेच निघतो.

तुमच्यावर आमचा राग आहे असं मात्र समजू नका. एकटा मोटरमन आम्हाला देवासारखा वाटतो. रुळावर आडव्या पडलेल्या माणसाला बघून ज्याने गाडी थांबवली, त्याचा व्हिडिओ आम्ही दहा ग्रुपवर पाठवतो. साताऱ्याच्या सुरेखा यादव, आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक, 2025 च्या सप्टेंबरअखेर निवृत्त झाल्या तेव्हा आमच्या आख्ख्या डब्याने स्टेटस ठेवलं. डेक्कन क्वीन चालवली, वंदे भारत चालवली, केवढा अभिमान! त्यांचा पगार कुणी काढला नाही. तुम्ही चारजण एकत्र येऊन लेटरहेड छापलंत की बिनसतं. देवांनी युनियन काढलेली आम्हाला चालत नाही.

वैमानिकांचं बघा, किती शिस्तीत होतं. त्यांची आठवड्याची विश्रांती 36 तासांवरून 48 तासांवर नेली. डिसेंबर 2025 मध्ये एका बड्या विमान कंपनीला ते गणित जमलं नाही आणि हजारो उड्डाणं रद्द झाली. तेव्हा आम्ही सगळे टीव्हीसमोर बसून म्हणालो, खरंच, दमलेल्या वैमानिकाच्या हाती विमान कसं द्यायचं? त्याच्या आदल्या वर्षी केरळातल्या लोको पायलटांनी मुख्यालयातले 16 तास आणि साप्ताहिक 30 तास मिळून 46 तासांची विश्रांती स्वतःहून घ्यायला सुरुवात केली, तर त्यांच्यावर कारवाई झाली. आम्ही त्यावर काहीच म्हणालो नाही. वैमानिक दमतो, तुम्हाला माज येतो. शिवाय विमानात दोनशे माणसं असतात. तुमच्या मागे गर्दीच्या वेळी चार-पाच हजार असतात, पण ती पासवाली.

लांब पल्ल्याच्या इंजिनातल्या तुमच्या भावंडांनी तर हद्द केली. म्हणे जेवायला आणि लघवीला वेळ ठरवून द्या. एप्रिल 2025 मध्ये रेल्वे बोर्डाने कळवलं की असा नियम करणं व्यवहार्य नाही. योग्यच आहे. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी 1853 साली धावली आणि इंजिनात पहिलं शौचालय बसलं 2016 साली, सुरेश प्रभू मंत्री असताना. इतकी वर्षं थांबलात, अजून थोडं थांबायला काय हरकत आहे?

इतिहास काढायचा तर आमच्याकडेही आहे. 8 मे 1974 ला सतरा लाखांच्या आसपास रेल्वे कामगार संपावर गेले. त्यांचे नेते जॉर्ज फर्नांडिस यांना आठवडाभर आधीच उचललं होतं. वीस दिवसांत संप मोडला. हजारो माणसं तुरुंगात गेली, कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या, क्वार्टरमधून बायकापोरं बाहेर काढली गेली. देश कसा ओलीस धरला होता याचं उदाहरण म्हणून माझे वडील हे जन्मभर सांगत, आणि तेही बहुधा कोकणात जाताना गाडीतच. आता ही कोकण रेल्वे जॉर्जच रेल्वेमंत्री असताना मार्गी लागली. आणि वडील सेकंड क्लासच्या ज्या बर्थवर आडवे होऊन हे सांगत, त्या लाकडी फळीवर फोम घातला मधू दंडवत्यांनी, संपात काढून टाकलेल्यांना कामावर परत घेणाऱ्या मंत्र्याने. योगायोग म्हणायचा. वडिलांनी त्याबद्दल पाठ टेकताना कधी तक्रार केली नाही.

मे 2010 मध्ये मुंबईत तुम्ही पगारासाठी उपोषण केलंत, लोकल कोलमडली आणि गृहमंत्री आर. आर. पाटलांना मध्ये पडावं लागलं. तेव्हाच मी डब्यात म्हणालो होतो की उपोषण खुशाल करा, पण गाडी चालवत करा.

आता मनातलं सांगतो, फक्त डब्यात बोलू नका. मला सव्वासहाला सुटायचं असतं आणि मी साडेआठला सुटतो. त्या जादा वेळेचे पैसे मिळत नाहीत आणि कुणी मागतही नाही, कारण मागणाऱ्याचं पुढच्या अप्रेझलला काय होतं ते आम्ही पाहिलंय. आमच्या कंपनीत युनियन होती, म्हणे. तिची खोली अजून आहे, त्यात जुने प्रिंटर ठेवलेत. तेव्हा एखादा माणूस तास मोजून 'आता मी घरी जातो' म्हणतो, त्याच्या मागे अजून चार जण उभे राहतात आणि तरीही दुसऱ्या दिवशी तो कामावर असतो, हे ऐकलं की आमचं डोकं फिरतं. मला हे मिळावं असं म्हणायला धीर लागतो, साहेब. तुमचं काढून घ्या म्हणायला सोमवारची आठ-बाराची फास्ट पुरते.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक पासधारक, डोंबिवली

ता. क. : माझ्या बहिणीचा मुलगा जळगावला असतो. त्याने असिस्टंट लोको पायलटचा फॉर्म भरला आहे. परीक्षा कॉम्प्युटरवर होते, तिथे वशिला चालत नाही, हे माहीत आहे. पण लागला तर पोस्टिंग कल्याणला मिळेल का, हे तुमच्या युनियनच्या ऑफिसात कुणाला तरी विचारून ठेवा. आणि सलग चार-चार नाइट लावतात असं ऐकलं, ते काही खरं नाही. दोनच्या वर लावू देऊ नका. पोरगा अंगाने बारीक आहे, झोप झाली नाही की त्याला उभं राहवत नाही.