आबांचं माळवद

गोरेगावात, म्हणजे सेनगाव तालुक्यातल्या आपल्या गोरेगावात, घरपट्टीचं मागणीबिल हातात पडलं की माणूस आधी आबांच्या ओट्यावर जातो आणि मग ग्रामपंचायतीत. बरेच जण ओट्यावरूनच घरी परततात.

आबांना १९६० चे ग्रामपंचायत कर व फी नियम तोंडपाठ. २०१५ च्या डिसेंबरात ते बदलले, ही हकीकत तर ते स्वतः सही करून आल्यागत सांगतात. "आधी चौरस फुटावर सरसकट लावायचे. आता भांडवली मूल्य! क्षेत्रफळ घ्या, जागेचा रेडी रेकनर घ्या, बांधकामाचा दर घ्या, घर जुनं असंल तर घसारा काढा, राहतं का दुकानाचं ते बघून भारांक लावा. जे मूल्य निघंल त्याच्या हजारामागं काही पैसे. पैसे म्हणतो मी, रुपये नाही!"

"मग भरत काहून नाही, आबा?"

"समजून घेतल्याबिगर भरू नाही."

फेरआकारणी चार वर्षांनी होते. आबांचं मागचं समजून घेणं पुरं होईस्तोवर पुढची येते.

एकदा पेपरात बातमी वाचून ते थेट ग्रामसेवकासमोर उभे राहिले. २०२२ पासून पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ, तोही गोरेगावात! ग्रामसेवकानं समजावलं, "आबा, ते मुंबईचं गोरेगाव. तिथं महानगरपालिका." आबा म्हणाले, "सरकार एक, नाव एक, मग माफी दोन काहून?"

मोजणीला माणसं आली की आबांचं ज्ञान खऱ्या अर्थानं कामाला लागतं. मातीच्या घराला दर कमी, आरसीसीला जास्त, हे त्यांना ठाऊक.

"वर काय?"

"माळवद."

"त्याला सळया दिसतात."

"वाळवणाची दोरी बांधायला."

"पुढं गिरणी?"

"घरचं दळण."

"बांधकाम कधीचं?"

"निजामाच्या काळातलं."

घसाऱ्यासाठी आबा घराला कितीही म्हातारं करायला तयार असतात. बिचारं घर मात्र पोराच्या सोयरिकीची बोलणी निघाली की एका रात्रीत तरुण होतं. पाहुण्यांना आबा जिना चढवून वर नेतात, टाच आपटून दाखवतात. "२०१९ चा स्लॅब. खालून वरपर्यंत आरसीसी. अन् पुढं गिरणी, रोजचा नगदी धंदा."

यंदा पाहुण्यांत मुलीचा मामा निघाला, जिंतूरकडचा. चहा संपल्यावर त्यानं शांतपणे नमुना आठचा उतारा मागितला.

आबांनी ओट्यावर शंभरदा सांगितलेलं वाक्य काढलं, "मामा, आठचा उतारा म्हंजे निव्वळ कराची नोंद. मालकीचा पुरावा नव्हं तो."

"मालकी कोण इचारतंय?" मामा म्हणाला. "त्यात आरसीसी हाय का, तेवढं बघायचं."

उताऱ्यात होतं: मातीचं घर, माळवद, राहता वापर.

दुसऱ्या दिवशी कुलूप उघडायच्या आत आबा ग्रामपंचायतीच्या दारात. मागची सगळी बाकी दंडासकट मोजली, पावती खिशात घातली आणि अर्ज पुढं केला. आपल्या मालमत्तेवर वर्षानुवर्षं कमी कर लावून घोर अन्याय झाला आहे, तो तातडीनं दूर व्हावा. स्लॅब लिहा, गिरणी लिहा, वाढीव भारांक लावा, उतारा मात्र आजच द्या.

ग्रामसेवकानं सगळं लिहून घेतलं. "बांधकामाचं साल?"

आबा क्षणभर घुटमळले. घसारा सोडवत नव्हता.

"ते निजामाच्या काळातलंच राहू द्या."

"अहो आबा, निजामाच्या काळात हिंगोलीकडं आरसीसीचा स्लॅब?"

"लई पैसेवाला माणूस होता तो," आबा म्हणाले.