नायिकेचा कापूस

आमच्या कारंजा लाडकडे कापूस वेचायला निघालेली बाई साडीवर नवऱ्याचा जुना फुलबाह्यांचा शर्ट चढवते, डोक्याला रुमाल गुंडाळते, कमरेला ओटी बांधते. वाळलेल्या बोंडांची टोकं नखांत घुसतात. संध्याकाळी कापूस काट्यावर चढतो, मजुरी किलोवर. सिनेमातली शेतकरीण मात्र कोऱ्या नऊवारीत, नथ घालून वावरात येते, चार बोंडं कुरवाळते आणि गाणं संपलं की घरी जाते. टीव्हीवर असलंच एक गाणं बघून शेजारच्या काकू म्हणाल्या, "हे बाई कापूस येचाले आली का लग्नाले?"

नायिकेचा दोष नाही. तिला कामंच दोन: लाजणं नि सोसणं. १९९१ च्या ‘माहेरची साडी’त अलका कुबल इतक्या सोसल्या, की गावोगावच्या बायांचे पदर भिजले आणि गल्ला तुडुंब भरला. गंमत म्हणजे १९३७ सालीच व्ही. शांतारामांच्या ‘कुंकू’तल्या नीरानं, म्हणजे शांता आपट्यांनी, म्हाताऱ्याला नवरा मानायला साफ नकार दिला होता. चोपन्न वर्षांत एवढी प्रगती! २०१६ मध्ये ‘सैराट’च्या आर्चीनं ट्रॅक्टर हाकला, बुलेट पळवली, तिला घरच्यांनी जगू दिलं नाही. तेवढं मात्र पडद्यावर हुबेहूब उतरलं.

तेव्हा दिग्दर्शकसाहेब, पुढच्या वेळी नायिकेला वावरात धाडाल तर अंगावर एक जुना शर्ट तेवढा द्या. वेशभूषावाल्याकडे नसेल तर कारंज्याला या. इथं दारोदारी दोरीवर वाळत असतो.