नेमकं बोट ठेवताना

छापील कागदाचा मोठा गुण असा, की त्याच्यावर कुठंही बोट ठेवा, काही होत नाही. लग्नपत्रिकेत मामाच्या नावावर अंगठा पडला म्हणून मामाला फोन लागला, असं आजवर घडलेलं नाही. अशा गरीब स्वभावाच्या कागदावर लोकांची निम्मी हयात गेली. मग 2007 साली आयफोन आला आणि तेच बोट घेऊन सगळे काचेवर आले. त्या बोटाखाली नेमका कुठला शब्द सापडला, हे ठरवण्याचं काम माझ्यासारख्यांकडे आलं. मी मोबाइलची ॲप्स बनवतो. ऑफिसात पगार घेऊन आणि सोसायटीत फुकट.

सोसायटीचं ॲप हे वार्षिक सभेतल्या 'तुम्ही कॉम्प्युटरमधले ना?' या एका प्रश्नाचं फळ. (आमच्या वरच्या मजल्यावर दाताचे डॉक्टर राहतात. त्यांना कोणी सभेत दाढ काढायला लावल्याचं ऐकिवात नाही.) सेक्रेटरीकाकांची मागणी साधी होती. सूचना मोबाइलवर यावी, तिच्यात 'नियम व अटी' हे शब्द निळे असावेत आणि ते दाबले की नियम उघडावेत. 'दोन मिनिटांचं काम,' असंही त्यांनीच सांगून टाकलं.

शब्द निळे करायला दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत. निळी अक्षरं आणि खाली रेघ म्हणजे इथं दाबायचं, हे 1993च्या मोझॅक ब्राउझरपासून जगाच्या अंगवळणी पडलंय. पण दिसायला निळा आणि दाबल्यावर ऐकणारा, हे दोन वेगळे शब्द. अँड्रॉइडवर शब्दाला क्लिकेबलस्पॅन लावला की रंग चढतो, रेघ येते, आणि दाबलं तर ढिम्म! कारण मजकुराच्या चौकटीला लिंकमूव्हमेंटमेथड नावाचं आणखी एक प्रकरण जोडावं लागतं. ते जोडलं नाही तर एरर नाही, तक्रार नाही, काही नाही. आयफोनवर साधा मजकूर दाखवणारं यूआयलेबल तर लिंकवरचा स्पर्श ओळखायचं कामच अंगावर घेत नाही. त्यासाठी यूआयटेक्स्टव्ह्यू आणावा लागतो आणि त्याच्या मागून मजकूर निवडणं, कॉपी करणं, स्क्रोल करणं ही सगळी वरात घरात शिरते.

बरं, एवढं करूनही फोनला कळतं ते इतकंच, की बोट आडवं अमुक आणि उभं तमुक ठिकाणी टेकलं. त्यावरून ओळ कुठली, ओळीतलं अक्षर कितवं आणि त्या अक्षराला लिंक चिकटलेली आहे का, असं विचारत विचारत जायचं. गोम अशी, की 'इथं कुठलं अक्षर आहे?' या प्रश्नाला 'कुठलंच नाही' असं उत्तर सहसा येत नाही. जवळात जवळचं अक्षर सांगून यंत्रणा मोकळी होते. पत्ता विचारल्यावर 'माहीत नाही' म्हणण्यात ज्यांना कमीपणा वाटतो असे गृहस्थ चौकाचौकात भेटतात, त्यातलाच हा प्रकार. त्यामुळे 'नियम व' वरच्या ओळीत राहिलं आणि 'अटी' तेवढ्या खाली उतरल्या, की अटींच्या उजवीकडची सगळी कोरी जागा अटींच्या मालकीची होते. उजव्या हातात फोन धरणाऱ्याचा अंगठा विसावतो तो हमखास तिथंच. ज्या इमारतीत नियम कोणी कधी वाचले नव्हते, तिथं ते उठता-बसता उघडायला लागले. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी मला जिन्यात गाठून विचारलं, 'कमिटीचा आमच्यावर काही राग आहे का हो? सारखे आपले नियम दाखवतात.'

यावर उपाय आहे. जे अक्षर सांगितलं गेलं त्याचा चौकोन मागून घ्यायचा आणि बोट खरोखर त्या चौकोनात आहे का, ते ताडून बघायचं. पण तेही फार काटेकोरपणे करून चालत नाही, कारण त्या चौकोनात बोट मावतच नाही. दाबायची जागा निदान 44 पॉइंट लांब-रुंद हवी, असं ॲपल सांगतं. गूगल 48 डीपी म्हणतं, म्हणजे सुमारे 9 मिलिमीटर. आणि आयफोनवरच्या साध्या मजकुराची ओळ असते जेमतेम 22 पॉइंट उंच! वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात म्हणून जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यांची 2023ची आवृत्ती मी मोठ्या आशेने उघडली. दाबायची जागा किमान 24 पिक्सेल हवी, असं तिच्यात स्वच्छ लिहिलंय. आणि लगेच खाली अपवाद दिलाय: वाक्यातल्या लिंका. आपण बोट टेकायचं म्हणतोय आणि नियम करणाऱ्यांनी आधीच हात टेकलेत.

त्यात आपली देवनागरी. आयफोनच्या स्विफ्ट भाषेला विचारलं तर 'नियम व अटी'ची लांबी मोकळ्या जागा धरून 8 भरते, कारण तिच्या लेखी 'नि' हे एक अक्षर आणि 'टी' हे एक. रंग देणारी जुनी यंत्रणा मात्र वेलांट्या वेगळ्या मोजते, तिच्या हिशेबाने 10. पहिलीने दिलेला आकडा दुसरीच्या हवाली केला की 'नियम व अ' एवढंच निळं होतं आणि 'टी' काळीच राहते. हा नमुना खजिनदारांनी पाहिला. चष्मा वर-खाली करून म्हणाले, 'टी वगळलेला दिसतोय. चांगलं आहे. सभेच्या चहाचा खर्च फार होतो.'

आणि एवढं सगळं जुळलं तरी समोर माणूस असतो. तळमजल्यावरच्या आजी बोट टेकवत नाहीत, दाबतात. अगदी मनापासून दाबतात. अर्धा सेकंद उलटला की आयफोन ते दीर्घ दाबणं समजतो आणि भलताच मेनू पुढं करतो. 'आजी, हलकेच टेकवा,' असं म्हटलं तर म्हणतात, 'हलकेच टेकवलं तर त्याला कळणार कसं?' अँड्रॉइडवाल्या आजोबांचं दुखणं निराळं. त्यांचं बोट कापतं. टेकल्यापासून उचलेपर्यंत ते 8 डीपीपेक्षा जास्त सरकलं, की फोनच्या मते तो स्पर्श नव्हेच, स्क्रोल. म्हणजे आजोबा लिंक दाबतात आणि सूचना वर जाते, पुन्हा दाबतात, आणखी वर जाते. शेवटी ती पडद्याबाहेर गेली की ते म्हणतात, 'उडवली बघा कमिटीने.' कोणी नखाने टोचून बघतं. ही काच त्वचेची विद्युतवाहकता ओळखते, नखाचा तिला पत्ताही लागत नाही.

मग कमिटीची नवी मागणी आली, की फोन नंबर आपोआप निळे व्हावेत. तशी सोय फोनमध्ये तयारच असते. अडचण एवढीच, की दहा आकडे दिसले की तो नंबर, अशी तिची सरळ समजूत आहे. आमच्या पावतीचा क्रमांकही दहा आकडी. खजिनदारांनी पावती नीट दिसावी म्हणून तिच्यावर बोट ठेवलं आणि सकाळी आठ वाजता कुठल्याशा अनोळखी सद्गृहस्थांना पार्किंगची थकबाकी समजावून सांगितली. पलीकडचे गृहस्थ सज्जन निघाले. 'बघतो, करतो काहीतरी,' म्हणाले.

याहून मोठी मौज वेबसाइटचे पत्ते ओळखण्यात आहे. आमच्यातली निम्मी मंडळी मराठी रोमन लिपीत लिहितात आणि पूर्णविरामापुढं जागा सोडायची उधळपट्टी कोणी करत नाही. 'टँकर आला का.तो परत गेला' असं रोमनमध्ये लिहिलं, की त्यातलं 'का.तो' तेवढं निळं होतं. कारण 'तो' हे प्रशांत महासागरातल्या टोंगा देशाचं इंटरनेटवरचं आडनाव. तसंच 'रे' हे रेयुनियन बेटाचं, 'ना' नामिबियाचं आणि 'ग' गॅबनचं. टिंब चुकीच्या जागी पडलं, की लाडात आलेला कुठलाही मराठी माणूस परदेशी जाऊ शकतो. टँकरची चौकशी करायला निघालेले दोघेजण टोंगाच्या दिशेने जाऊन कोऱ्या पानावरून परतले, तेव्हा मी नुसत्या पत्त्यांची ओळख बंद केली. पुढं 'एचटीटीपीएस' असेल तरच निळं.

सगळं निस्तरलं. बोटाला थोडी सूट दिली, कोरी जागा मोकळी केली, वेलांट्या नीट मोजल्या, पावत्यांना फोन लागायचे थांबले. सेक्रेटरीकाकांनी त्यानंतरची पहिली सूचना काढली, प्लंबरच्या नव्या नंबराची. ती ॲपवर टाकली, तिचा स्क्रीनशॉट काढला आणि तो व्हॉट्सॲपवर सोसायटीच्या ग्रुपला पाठवून दिला. झालं, सगळी इमारत त्या फोटोतल्या निळ्या नंबरावर बोट दाबत बसली. फोटो तो, त्यात अक्षरं नाहीत, नुसते ठिपके. त्यावर कोणी कितीही दाबलं तरी काय होणार?

पण 2021 पासून आयफोन फोटोतलेही आकडे वाचतो. त्यामुळे सी विंगमध्ये दोघांना तो नंबर चक्क लागला. रात्री दहाला आमची बेल वाजली. दारात वहिनी, आजोबा आणि त्यांच्या मागे आणखी चार जण. वहिनीच सगळ्यांच्या वतीने बोलल्या, 'सी विंगला लिंक चालते आणि आम्हाला नाही, हे कसं काय हो? मेंटेनन्स तर आम्हीही तेवढाच भरतो.'