घशाशी येतंय, आणि वर व्हिनेगर?

"ताई, तुमच्या डोळ्यावर चष्मा आहेच, तर एवढं वाचा बरं काय लिहिलंय ते," असं म्हणत शेजारच्या वहिनींनी कंपाउंडच्या भिंतीवर एक बाटली ठेवली. मधाच्या रंगाचं गढूळ पाणी आणि तळाला गाळ.

"ॲपल सायडर व्हिनेगर," मी वाचलं. "सफरचंदं हिमाचलची. कुणी दिली?"

"सांगलीच्या दादानं धाडलीय. रोज पहाटे दोन चमचे, अनशापोटी, पाण्यातनं. आठ दिवसांत पित्त गायब म्हणतोय."

"आणि हा गाळ कसला?"

"गाळ नाही वं. ती मदर."

"आई? बाटलीत?"

"आईच. दादा म्हणाला, आई असलेलीच घ्यायची, बिनआईची नको."

आता वहिनींचं माहेर सांगली, गावभागातलं. साताऱ्यात येऊन तीसेक वर्षं झाली, नातवंडं झाली, पण शहाणपण म्हणून काही असेल तर ते कृष्णेच्या त्या काठावरून येतं हा त्यांचा विश्वास तसूभर ढळलेला नाही. कंदी पेढा तेवढा आमचा, ते त्या मान्य करतात. बाकी भडंग त्यांची, हळद त्यांची, बेदाणा त्यांचा. हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आमच्या गल्लीत साखर वाटली होती, जणू घरातलंच पोर बोर्डात आलंय. तेव्हा सांगलीहून बाटली आली म्हणजे ती बरोबरच असणार.

वहिनींचं दुखणं तसं जुनं. रात्री आडवं झालं की घशाशी येतं. आंबट पाणी तोंडात, छातीच्या मधोमध आग. मग उठून बसायचं, थंड दुधाचा पेला, पुन्हा आडवं, पुन्हा तेच. आमच्या गल्लीत याला सरसकट पित्त म्हणतात. कोपऱ्यावरच्या काकूंचं अर्धं डोकं दुखून उलटी होते, तेही पित्त. त्यांच्या सुनेच्या अंगावर गांध्या उठतात, तेही पित्त. तिघींना तीन वेगळे आजार, औषध मात्र एकच, आमसुलाचं पाणी. त्यात आता ही दुसरी वस्तू आली.

आमचं बोलणं चाललं होतं तोवर पलीकडच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारे सर खाली वाकले. रयतच्या शाळांतून उभी हयात रसायनशास्त्र शिकवलेला माणूस. ॲसिड हा शब्द कानावर पडला की त्यांना राहवत नाही.

"द्या ती बाटली इकडं," म्हणाले आणि पायऱ्या उतरून आलेच. वहिनींच्या अंगणात शहाबादी फरशी आहे. सरांनी टोपणभर व्हिनेगर घेतलं आणि फरशीच्या फुटक्या कोपऱ्यावर, जिथं दगड ताजा दिसत होता तिथं, चार थेंब सोडले. आम्ही तिघं वाकून बघतोय. क्षणभर काही नाही. मग थेंबांच्या कडेनं बारीक बुडबुडे यायला लागले, सुईच्या टोकाएवढे, एकामागून एक. पाणी मारून पुसलं तर तेवढ्या जागेची चकाकी गेलेली.

"फरशी घालवली माझी!" वहिनी.

"शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड. आम्ल पडलं की फसफसणारच," सर म्हणाले. "सफरचंदाचा रस आंबवला की साखरेची दारू होते. ती उघडी राहिली की जिवाणू तिचं ॲसिटिक आम्ल करतात. तुमची ती मदर म्हणजे त्या जिवाणूंचं जाळं. बाजारच्या बाटलीत साधारण पाच टक्के आम्ल असतं. आपल्या कायद्यानं व्हिनेगर म्हणायला किमान पावणेचार टक्के लागतंच. शाळेत सामू शिकवायचो आठवतंय? सातच्या खाली गेला की आम्ल. याचा सामू अडीच-तीनच्या आसपास. आणि पोटातल्या रसाचा उपाशीपोटी दीड-दोन."

"म्हणजे पोटात आधीच याच्यापेक्षा जहाल आहे," वहिनींनी बरोबर पकडलं. "मग दोन चमच्यांनी काय बिघडतंय?"

प्रश्न बिनतोड होता. सर जरा थबकले. उत्तर मग मला द्यावं लागलं, कारण गेल्या साली आमच्या ह्यांच्या पोटात दुर्बीण घातली तेव्हा डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं होतं. जठराला आतून बुळबुळीत अस्तर असतं, ते आम्ल सोसतं. अन्ननलिकेला तसलं चिलखत नाही. दोघांच्या सांध्यावर स्नायूंची झडप असते. घास खाली गेला की ती मिटायची. ती ढिली पडली, नको तेव्हा उघडायला लागली, की पोटातलं वर येतं आणि जळजळतं. म्हणजे पोटात आम्ल असणं हा आजार नव्हे, ते वर येणं हा आजार. आणि व्हिनेगर पोटात पोचायच्या आधी जातं कुठून? त्याच भाजलेल्या अन्ननलिकेतून.

वहिनी काही क्षण गप्प. मग त्यांनी दादाचं दुसरं अस्त्र काढलं. "पण त्याचं म्हणणं निराळंच आहे. पोटात ॲसिड कमी पडतं म्हणून झडप मिटत नाही. वरून आंबट दिलं की झडप घट्ट."

हे आता गावोगाव ऐकू येतं. जिमवाली पोरं छातीठोकपणे सांगतात. मुळात सायडर व्हिनेगरचं हे वेड काल-परवाचं नाही. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या डी. सी. जार्विस नावाच्या डॉक्टरनं १९५८ साली लोकवैद्यकावर पुस्तक लिहिलं, त्यात मध आणि सायडर व्हिनेगर अशी जोडी सगळ्या दुखण्यांवर सुचवली होती. पुस्तक धो धो खपलं. पण घशाशी येणाऱ्या माणसांना व्हिनेगर देऊन ते बरे झाले असं दाखवणारी भरवशाची, मोठी चाचणी आजतागायत पुढं आलेली नाही. आणि सरांनी साधा सवाल टाकला, तो मला पटला: "आम्ल कमी पडल्यानं जळजळ होत असती, तर आम्ल कमी करणाऱ्या गोळीनं ती वाढायला हवी होती. मग गोळी घेतली की अर्ध्या गावाला झोप कशी लागते?"

"मग आमसुलाचं सार? ते काय गोड असतंय? ते पितोच की आपण पित्तावर," वहिनी काही हार जाणाऱ्यातल्या नाहीत.

मुद्दा खरा आहे. सार पातळ असतं, त्यात गुळाचा खडा, जिरं, जेवता जेवता दोन वाट्या. अनशापोटी आम्ल ढोसण्याशी त्याची बरोबरी नको. तरी ज्यांच्या घशाशी येतं त्यातल्या कित्येकांना आमसूल, लिंबू, टोमॅटो, चिंच, काहीही आंबट बाधतं. काहींना नाही बाधत. ज्यानं त्यानं आपलं पोट बघावं. आपल्या वैद्यांनीही अम्लपित्ताला आंबट वर्ज्यच सांगितलंय. जुने तांदूळ, मूग, दुधी, पडवळ खा म्हणतात. म्हणजे या एका बाबतीत आयुर्वेद आणि दुर्बीणवाले डॉक्टर एकाच ओळीत बसलेत, ही काही रोज घडणारी गोष्ट नव्हे.

"पण दादाला फरक पडलाय, त्याचं काय?" वहिनींचा हुकमाचा एक्का.

त्याचं काय, ते त्याच संध्याकाळी कळलं. वहिनींनी भावजयीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला, भिंतीवरच. दादा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानी दिवाणजी. हंगामात सौदे, वजनं, पट्ट्या, सगळं आवरून घरी यायला रात्रीचे साडेदहा. मग जेवण, त्यात कांदा-लसूण मसाल्याचं लालभडक कालवण, आणि लगेच गादीवर. दिवसभरात कटिंग किती होतात याचा हिशेब त्यांनाही नाही. शेजारी भडंगचा पुडा.

"आणि आता वन्सं," भावजय सांगायला लागली, "त्या जिमवाल्या पोरानं व्हिनेगर दिलं, पण त्याच्याबरोबर बारा अटी घातल्या. चहा बंद. तंबाखू बंद. डबा दुकानातच आठ वाजता खायचा. घरी आल्यावर काही नाही, नुसतं घाटावर चालून यायचं. पोट दोन बोटं आत गेलंय. मी बावीस वर्षं हेच बोंबलत होते, तेव्हा ऐकलं नाही. साडेचारशेची बाटली आली तेव्हा ऐकलं!"

फोन ठेवल्यावर वहिनी बराच वेळ बाटलीकडं बघत होत्या. मला तर भावजयीचंच पटतं. उशिराचं जेवण, वाढलेलं पोट, तंबाखू, तेलकट, हे सगळं त्या झडपेचे वैरी. ते सुटले की फरक पडतोच. श्रेय लाटलं बाटलीनं.

मग आमच्या गल्लीचा हिशेब निघाला, आणि तो काही सांगलीपेक्षा बरा नाही. पहाटे उठल्या उठल्या दोन कप चहा, तोही अनशापोटी. श्रावणात उपासाला दिवसभर काही नाही आणि संध्याकाळी दाण्याच्या कुटात माखलेली साबुदाण्याची खिचडी. सीरियल संपल्याशिवाय ताट नाही, म्हणजे साडेनऊ. आणि एक गोष्ट वहिनींनी आवाज खाली आणून सांगितली: सासूबाईंची मिश्री. दात घासायला म्हणून सकाळी लावतात, मग दुपारी, मग झोपताना. वाट्टेल त्या गोळ्या द्या, जळजळ हटत नाही. हटणार कशी? मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. निकोटीन त्या झडपेला सैल करतं. आमच्याकडच्या जुन्या बायकांच्या पित्ताचं अर्धं मूळ त्या डबीत आहे असं माझं मत. डॉक्टरही विचारत नाहीत आणि त्याही सांगत नाहीत, लाज वाटते.

सासूबाईंना साखरेचा आजारही आहे. दादानं बाटली मुळात त्यांच्यासाठीही धाडली होती, "साखर उतरते" म्हणून. इथं मात्र मी हात जोडले. व्हिनेगरनं पोट रिकामं व्हायला वेळ लागतो, आणि जुन्या मधुमेह्यांचं पोट आधीच मंद झालेलं असू शकतं. त्यात इन्शुलिन किंवा गोळ्या चालू असताना साखर कधी खाली जाईल याचा नेम नाही. लघवी जास्त व्हायच्या, बीपीच्या गोळ्या चालू असतील तर रक्तातलं पोटॅशियम घसरायची भीती. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच. दातांचंही बघा. रोज आम्लानं खळखळलं तर दातांचं आवरण झिजतं, ते पुन्हा येत नाही.

"म्हणजे गोळीच खायची जन्मभर?" वहिनी वैतागल्या.

तेही नाही. दुकानात जाऊन "पित्ताची द्या" म्हटलं की पट्टी मिळते, ही आपली सवयच वाईट. एके काळी रॅनिटिडिन घरोघरी होती, गोडतेलाच्या बाटलीशेजारी. तिच्यात कर्करोगाला कारण होऊ शकणारी अशुद्धी सापडली म्हणून अमेरिकेनं २०२० च्या एप्रिलमध्ये ती बाजारातून काढायला लावली आणि आपल्याकडं २०२२ साली ती अत्यावश्यक औषधांच्या यादीतून गेली. हल्लीच्या गोळ्या चांगल्या आहेत, पण त्या जेवणाआधी अर्धा तास घ्यायच्या असतात, आणि किती दिवस ते डॉक्टर ठरवतात. आम्ही मात्र जेवण झाल्यावर, जळजळ सुरू झाली की घेतो आणि गोळीला नावं ठेवतो.

शेवटी वहिनी डॉक्टरांकडं गेल्या. त्यांनी सांगितलं ते असं: जेवण आणि झोप यात तीन तास. डाव्या कुशीवर झोपा. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा घाला, सहा-आठ इंच उंची आली पाहिजे. नुसत्या उशा रचल्या तर पोट मुडपतं आणि उलट जास्त येतं. वहिनींनी विटा घातल्या. नातू पहिल्या रात्री घसरून पायथ्याशी आला, ते सोडा. थंड दुधानं घटकाभर बरं वाटतं, पण नंतर आम्ल पुन्हा सुटतं. मिठाचं पाणी पिऊन, घशात बोटं घालून पित्त काढायची खोड असेल तर ती आधी बंद करा, अन्ननलिका त्यानं दर वेळी नव्यानं भाजते.

बाटलीचं मग काय झालं म्हणाल, तर रविवारी मटणाबरोबर कांदा चिरून त्यात चमचाभर टाकला. झकास लागतो. ज्यांच्या घशाशी येत नाही त्यांनी जेवणात असं खुशाल खावं. ज्यांच्या येतं त्यांना ॲपल सायडर व्हिनेगर मानवायचं कारण नाही, हा आमच्या भिंतीचा निकाल. घास अडकत असेल, वजन उतरत असेल, संडास काळी होत असेल, तर घरगुती काहीच करू नका, पोटाची दुर्बीण करून घ्या. साताऱ्यात होते, सांगली-मिरजेत होते. मिरजेला तर १८९४ साली मिशनचं हॉस्पिटल निघालं, तिथं लांबून लांबून माणसं यायची.

आणि एक सांगायचं राहिलं. छातीत जळजळतंय आणि सोबत घाम फुटलाय, दम लागतोय, जबड्याला किंवा डाव्या हाताला कळ जातेय, तर त्याला पित्त म्हणून सोडा पीत बसू नका. बायकांना तर कळ न येता नुसतं मळमळून थकवाही येतो. रात्रीचे दोन वाजलेले असोत, शेजाऱ्यांना उठवा, गाडी काढा आणि आधी ईसीजी काढून घ्या.